मदत हवी आहे : लेकीच्या गिटारच्या तारा दाबल्याच जात नाहीत

नमस्कार. लेक आठवीत आहे. दिवाळीत तिला नवशिक्यांची म्हणून मिळते तशी स्टीलच्या तारांची गिटार ऑनलाइन मागवली. शिकायची हौस दांडगी, पण थोड्याच वेळात बोटांवर लाल वळ उठतात आणि ती गिटार बाजूला ठेवते. सर म्हणतात, सुरुवातीला सगळ्यांनाच दुखतं, घट्टे पडले की होईल. ते खरंच आहे. पण क्लासमध्ये सरांच्या गिटारवर जो सी कॉर्ड (एकदम वाजवायचा सुरांचा गट) ती स्वच्छ वाजवते, तोच घरी निघत नाही. मग दोष बोटांचा कसा?

स्टीलच्या पट्टीने मोजलं. बाराव्या फ्रेटच्या (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत जाड तारेला साडेतीन मिमी, सगळ्यात बारीक तारेला जवळजवळ तीन. आणखी एक गोष्ट, मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर लागतात, पण पहिल्या फ्रेटवर दाबलं की सूर चढा येतो.

बारीक तारा घातल्या तर भागेल का? यूट्यूबवर कुणी सॅडल (खाली तारा टेकतात ती पट्टी) घासायला सांगतं, कुणी ट्रस रॉड (दांडीच्या आतली सळई) फिरवायला. कुठून सुरुवात करू? आम्ही सांगलीत राहतो. मिरजेचे सतार-तानपुऱ्याचे कारागीर हे काम करतील का?

प्रतिसाद १
ताई, तुमचा अंदाज बरोबर आहे. साधारण अडीच आणि दोन मिमी असेल तर नवशिक्याचा हात नीट चालतो. पण घासण्याआधी एक करून बघा. पहिल्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि तिला तोच कॉर्ड वाजवायला सांगा. एकदम हलकं वाटलं तर दुखणं नटमध्ये, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत आहे. पहिल्या फ्रेटवर सूर चढतो याचंही बहुतेक तेच कारण. नटच्या खाचा उथळ असल्या की तार फार खाली ओढावी लागते, ताण वाढतो, सूर चढतो.

तारा बदलाच. नवीन गिटारला बहुधा बाराचा सेट असतो (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच), दहाचा (०.०१० इंच) घाला. ताण कमी झाला की दांडीही किंचित सरळ होते, म्हणून तारा बदलल्यावर पुन्हा मोजा. ट्रस रॉड दांडीचा बाक सुधारण्यासाठी असतो, तारा खाली आणण्यासाठी नव्हे. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबून सातव्यापाशी बघा. पाव मिमीच्या आसपास फट असेल तर रॉडला हात लावायचं कारणच नाही.

सॅडल सगळ्यात शेवटी. बाराव्या फ्रेटवर एक मिमी उतरवायचं तर सॅडलच्या तळातून दोन मिमी काढावे लागतात. वरची गोलाई तशीच ठेवायची. पॉलिश पेपर काचेवर ठेवून घासा, नाहीतर तळ वाकडा होतो आणि आवाज मरतो.

प्रतिसाद २
मिरजेला जरूर विचारा. हाडाची घोडी (तारा टेकतात तो भाग) घासण्यात त्यांचा हात बसलेला असतो. फक्त आधी स्पष्ट सांगा की इथे जवारी नको. तानपुऱ्याची घोडी रुंद असते आणि तार तिच्यावर घासत राहिली तरच जवारीचा तो झणत्कार येतो. गिटारच्या सॅडलवर तार एकाच कडेवर टेकली पाहिजे, नाहीतर ती भणभणते. नटच्या खाचा मात्र घरी करवतीच्या पात्याने कोरू नका. प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते.

आणि पावसाळ्यात गिटार पिशवीत ठेवा. दमट हवेने वरची फळी फुगते आणि तारा पुन्हा वर जातात.

धागाकर्ती
कापो लावून पाहिला. सी कॉर्ड पहिल्याच झटक्यात वाजला! लेक तासभर उठलीच नाही. म्हणजे नटच. काम होईपर्यंत काय करू? आणि आहे तो प्लास्टिकचा नट खोल करून घेऊ की हाडाचा बसवू?

प्रतिसाद १
तोवर सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवा आणि कापो पहिल्यावरच राहू द्या. सूर क्लासमधलाच राहील, तिचा सराव थांबणार नाही. नट आहे तोच करून घ्या. एखादी खाच जास्त खोल जाऊन मोकळी तार फ्रेटला लागायला लागली, तरच हाडाचा.