१६ की १८? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून

(नाशिकच्या गंगापूर रोडवरची आमची सोसायटी. विषय: शरीरसंबंधाला दिलेली संमती कायदा कितव्या वर्षापासून मानतो. नावं काढली आहेत, पार्किंगचे आणि सुप्रभातचे मेसेजही.)

ए-१०३ काका: फॉरवर्डेड 👇 सावधान पालकहो! सरकार संमतीचं वय १६ करणार! संस्कृती बुडाली!! सर्व ग्रुपवर पाठवा 🙏

बी-३०४ वकील ताई: काका, असं काही ठरलेलं नाही. २०२५ मध्ये ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी न्यायमित्र (कोर्टाला मदत करणारा वकील) म्हणून सुप्रीम कोर्टात १६ ची बाजू मांडली. सरकारने उलट १८ च हवं असं सांगितलं.

ए-१०३ काका: बरोबरच सांगितलं. सोळाच्या पोरीला कसली अक्कल?

सी-२०१: माझी मुलगी अकरावीला आहे. तिने क्लासच्या सरांच्या नादी लागून ‘हो’ म्हटलं तर ते चालवून घ्यायचं का?

वकील ताई: अजिबात नाही. सर, मामा, मालक, यांना कुठलीही सवलत नकोच. मी वेगळ्या केसेसबद्दल बोलतेय. एकदा सीबीएस स्टँडजवळच्या आपल्या कोर्टात पोक्सोच्या (१८ च्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) तारखेला येऊन बसा. मुलगी सतरा, मुलगा एकोणीस. पळून गेले, जात वेगळी, बापाने फिर्याद दिली. साक्षीची वेळ येईपर्यंत मुलगी सज्ञान, कडेवर पोर, आणि ‘हा माझा नवरा आहे, सोडा त्याला’ म्हणते. न्यायाधीशांचे हात बांधलेले. गुन्हा सिद्ध झाला तर किमान १० वर्षं, मुलगी गरोदर राहिली असेल तर किमान २०. दया आली तरी न्यायाधीशांना त्याखाली येताच येत नाही.

डी-१०२ (इंजिनिअरिंग): आणि मुलगाही सतराचा असेल तर?

वकील ताई: बाल न्याय मंडळापुढे उभा करतात. सोळा पूर्ण असेल तर प्रौढ म्हणून खटला चालवायचा का, हेही तपासलं जातं. आणि मुलगी? पीडित म्हणून बालगृहात. दोघंही बारावीला.

ए-४०४ गुरुजी: ताई, मी सुरगाण्याला शिकवतो. तिथे येऊन बघा. नववीनंतर पोरगी आईबापाबरोबर दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षाच्या छाटणीला जाते आणि परत येते ती सोयरीक जमवूनच. आम्ही दारात जाऊन ‘पोक्सो लागेल’ म्हणतो तेव्हा कुठे हळद थांबते. सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालापासून नवरा असला तरी १८ च्या आत सुटका नाही, हे एवढंच हत्यार आहे आमच्या हातात. १६ केलंत की ते गेलं.

वकील ताई: गुरुजी, हा मुद्दा मलाही मोडता येत नाही. म्हणूनच मी सरसकट १६ म्हणत नाही. १८ राहू द्या. फक्त मुलगी १६ च्या पुढे, दोघांच्या वयात दोन-तीन वर्षांचंच अंतर, धाक-आमिष काही नाही, अशा जोड्या फौजदारीतून वगळा. कायद्यांत बदल सुचवणाऱ्या विधी आयोगानेही २०२३ च्या २८३ व्या अहवालात वय १८ च ठेवायला सांगितलं, पण अशा केसमध्ये शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना मोकळीक द्या म्हटलं. मला तेवढंही कमी वाटतं. शिक्षेची वेळ येईपर्यंत पोरगा नाशिक रोडच्या जेलमध्ये किती दिवस काढतो, ते कोण मोजणार?

सी-२०१: धाक नव्हता हे ठरवणार कोण? मुलीला घरी आणलं की ती बापाचं ऐकून बोलणार, त्याच्या घरी असली की त्याचं.

वकील ताई: खरं आहे. पुराव्याचा हा भाग अवघडच आहे.

डी-५०२ डॉक्टर: माझी अडचण वेगळी. १८ च्या आतली मुलगी गरोदर असली की मला पोलिसांना कळवावंच लागतं, नाहीतर गुन्हा माझ्यावर. आई सोनोग्राफीचा कागद पर्समध्ये कोंबते आणि म्हणते, ‘मॅडम, पोलीस नको.’ दुसऱ्या दिवशी दोघीही येत नाहीत. कुठून तरी गोळ्या घेतात आणि रक्तस्राव थांबेना झाला की मध्यरात्री रिक्षातून आणतात. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांना मुलीचं नाव न सांगता गर्भपाताची वाट मोकळी केली आहे, पण ते त्या आईपर्यंत पोचलेलंच नसतं.

ए-३०१ आजोबा: १८९१ ला हेच वय १० वरून १२ केलं तेव्हा काय रणकंदन झालं होतं! कलकत्त्याची बालवधू फुलमणी नवऱ्याच्या बळजबरीने मेली तरी टिळक म्हणाले, धर्मात सरकारने पडू नये. रानडे-भांडारकर कायद्याच्या बाजूने.

वकील ताई: आजोबा, तेव्हा कायदा घरात शिरतोय म्हणून लोक चिडले होते. आता घरचेच कायदा घेऊन पोरांच्या मागे लागतात.

ए-१०३ काका: हे सगळं ठीक. ताई, एक विचारतो. आमचा नातू विसाव्यात आहे. त्याच्या ग्रुपमधल्या एका मुलीचा वाढदिवस झाला, केकवर १७ लिहिलं होतं.

वकील ताई: काका, कायदा बदलत नाही तोवर १८ म्हणजे १८. ती ‘हो’ म्हणाली याला कोर्टात शून्य किंमत. हे त्याला आजच सांगा.

ए-१०३ काका: मी? त्याला? छे हो. रविवारी तुमच्याकडे पाठवतो.