वेम्ब्लीवरील ती वीस मिनिटे

‘लाइव्ह एड’ या मदतनिधीसाठीच्या संगीत मैफलीत क्वीन या ब्रिटिश रॉक बँडला मिळालेल्या यशाचे सारे श्रेय त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या आवाजाला द्यावे, असे म्हटले जाते; ते मत मला अर्धेच पटते. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर त्यांच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटे आली होती. त्यांनी बहुतेक लोकांच्या ओठांवरचीच गाणी निवडली, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा केवळ पूर्वार्ध घेतला आणि हा सारा क्रम आधी कसून तालमी करून बसवला. दिवसाउजेडी, प्रकाशयोजनेच्या आधाराविना, ‘रेडिओ गा गा’च्या ध्रुपदाला हजारो हात एकाच क्षणी डोक्यावर जाऊन टाळी देतात, ते चित्रफितीत मुद्दाम पाहावे. ओळखीच्या गाण्याची ताकद अशी, की त्याच रात्री ‘बीटल्स’मधल्या पॉल मॅकार्टनीचा माइक सुरुवातीला बंद पडला, तरी प्रेक्षक गातच राहिले.