चोपन्नाव्या वर्षी नव्याने नोकरी शोधताना

प्रश्न:
मी २८ वर्षे हिशेब विभागात काम केले. आमची शाखा बंद झाल्याने चार महिन्यांपूर्वी नोकरी गेली. त्यानंतर सुमारे साठ अर्ज पाठवले, पण मुलाखतीचे बोलावणे दोनदाच आले आणि दोन्ही ठिकाणी 'वयाने लहान वरिष्ठाच्या हाताखाली काम करणे जमेल का?' असे विचारण्यात आले. मी 'हो' म्हणालो, पण ते समोरच्याला पटले नाही, हे तिथेच कळले. अर्जात वय झाकावे का? कमी पगाराची तयारी आधीच दाखवावी का?

प्रतिसाद १:
मी अनेक वर्षे नोकरभरतीचे काम पाहतो. वय झाकून उपयोग नाही, कारण पदवीचे साल गाळले तरी अनुभवाची बेरीज कोणीही करतो. एकदा पाच पानी अर्ज आला होता आणि अर्जदाराने दोनच वर्षांपूर्वी सगळी खातेवही एकट्याने नव्या सॉफ्टवेअरवर नेल्याचा उल्लेख शेवटच्या पानाच्या तळाशी, एका ओळीत होता. ती ओळ निव्वळ योगायोगाने वाचली म्हणून त्यांना बोलावले. ती पहिल्या पानावर हवी होती. वरिष्ठाच्या प्रश्नाला नुसता होकार देऊ नका. एखाद्या तरुण सहकाऱ्याकडून आपण काय शिकलात, तो प्रसंग सांगा. पगार कमी चालेल असे आपणहून म्हटले, तर हे गृहस्थ फार दिवस टिकणार नाहीत, अशी शंका येते.

प्रतिसाद २:
मला ५७व्या वर्षी काम मिळाले, पण ते टिकवणे अधिक अवघड गेले. पडद्यावरचे ३ आणि ८ सारखेच दिसत, आणि चुका लपवण्यासाठी मी प्रत्येक रक्कम तीनदा तपासत असे. अखेर मोठा मॉनिटर मागितला, तो आठवड्यात मिळाला. संकोचात मात्र सहा महिने गेले होते. वेगाची काळजी फार करू नये. टंकलेखकांवरच्या १९८४च्या एका अभ्यासात वयस्कांची बोटे प्रतिक्रियेत मंद असूनही टंकनाचा वेग तरुणांइतकाच आढळला, कारण त्यांची नजर मजकुरात अधिक पुढे असे.

प्रतिसाद ३:
सगळा दोष अर्जाच्या मांडणीवर टाकू नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८०मध्येच शिफारस क्रमांक १६२ काढून वयस्क कामगारांना भेदभावाविना समान संधी द्यावी असे म्हटले, पण शिफारस देशांवर बंधनकारक नसते आणि वयामुळे नाकारले असे लेखी कोणी देत नाही. अनोळखी ठिकाणी अर्ज करत राहण्यापेक्षा जुने सहकारी, लेखापरीक्षक, पुरवठादार अशा ज्यांनी आपले काम पाहिले आहे त्यांना आधी फोन करावा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पहिले पान आज नव्याने लिहिले आणि जुन्या लेखापरीक्षकांना उद्या फोन करतो. ३ आणि ८ची अडचण मलाही आहे. घरीसुद्धा अजून सांगितलेली नाही.