[मंडळ-चर्चा] एसबी ८६१ : गुरुवारी भेट ठरली, लेटरहेड कोणाकडे आहे?

अनघा | सोमवार, ८ ऑगस्ट २०११, रात्री ९:४२

मंडळी,

गुरुवारी साडेतीनला आपल्या असेंब्ली मेंबरच्या फ्रीमाँट ऑफिसात वेळ मिळाली. ते स्वतः नसतील, त्यांची स्टाफर भेटेल, पंधरा मिनिटं. फोनवर तिने नावाआधी झिप कोड विचारला. मग म्हणाली, कुठल्या संस्थेकडून येताय? मी मंडळाचं नाव सांगून मोकळी झाले. तेव्हा एसबी ८६१ला, म्हणजे काँगोतल्या खनिजांबद्दलच्या कॅलिफोर्नियाच्या विधेयकाला, मंडळाच्या लेटरहेडवर एक पानी पाठिंब्याचं पत्र हवंय. मसुदा शिरीषने केलाय, पिकनिकला बऱ्याच जणांनी वाचलाय. प्रज्ञा, लेटरहेडची फाइल तुझ्याकडे आली का, की अजून मोहनकाकांकडेच आहे?

१५ तारखेला विधिमंडळाची सुटी संपते, मग सगळे सॅक्रामेंटोला. नंतर भेट मिळणं अवघड. फ्रीमाँट, न्यूअर्क, युनियन सिटीवाल्यांनी जमलं तर याच. क्युपर्टिनो-सनीवेलवाल्यांचा इथे उपयोग नाही, त्यांचे मेंबर पॉल फाँग. तुम्ही तिकडची वेळ घ्या.

अनघा

विनय (खजिनदार) | सोमवार, ८ ऑगस्ट, रात्री १०:१५

अनघा,

कमिटीला न विचारता मंडळाचं नाव सांगून मोकळी कशी झालीस? आपण ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, आहोत. राजकारण आपल्याला चालत नाही. पाठ्यपुस्तकांच्या वेळी काय रामायण झालं ते इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको. लेटरहेड देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला लिहायचं त्याने स्वतःच्या नावाने लिहावं.

जाता जाता : गणपती १ सप्टेंबरला आहेत आणि निम्म्या घरांची वर्गणी अजून यायची आहे.

विनय

मोहनकाका | मंगळवार, ९ ऑगस्ट, सकाळी ६:०५

विनय,

पाठ्यपुस्तकांच्या वेळी अध्यक्ष मी होतो, त्यामुळे रामायण काय झालं ते मला विचार. सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकांवरून राज्याच्या शिक्षण मंडळापुढे सुनावण्या चालू होत्या. एका गृहस्थांनी मंडळाच्या लेटरहेडवर परस्पर पत्र पाठवलं आणि दुसऱ्याच आठवड्यात आपल्याच चार सभासदांनी त्याच्या उलट पत्र पाठवलं. भांडण झालं ते "परस्पर" या गोष्टीवरून. लेटरहेड वापरण्यावरून नव्हे.

फाइल माझ्याकडे आहे. ती प्रज्ञाला द्यायची असं ठरलेलं मला तरी आठवत नाही.

मोहन

प्रज्ञा (सचिव) | मंगळवार, ९ ऑगस्ट, सकाळी ८:३०

काका, जानेवारीच्या मिनिट्समध्ये आहे. पान दोन.

सुलभाताई | मंगळवार, ९ ऑगस्ट, दुपारी १२:१०

विनय,

मी एका नॉन-प्रॉफिटचे हिशेब बघते, म्हणून बोलते. तू दोन गोष्टींची गल्लत करतोयस. निवडणुकीत अमक्याला मत द्या, तमक्याला पाडा, हे ५०१(सी)(३)ला साफ बंद आहे, त्यात सवलत नाही. विधेयकाला पाठिंबा किंवा विरोध करायला मात्र परवानगी आहे. अट एवढीच की तो संस्थेच्या कामाचा मोठा भाग होता कामा नये. आता "मोठा" म्हणजे किती, यावर वाद घालत बसायचं नसेल तर आयआरएसचा (आयकर खात्याचा) फॉर्म ५७६८ भरायचा. एका पानाचा आहे. तो भरला की मोजणी फक्त खर्चाची होते : पहिल्या पाच लाख डॉलरच्या खर्चापर्यंत वीस टक्के मर्यादा आणि त्यातला चौथा हिस्सा सर्वसामान्य जनतेला "आमदाराला फोन करा" असं सांगण्यासाठी. आपल्या मंडळाचा वर्षाचा खर्च साठ हजार धर. म्हणजे बारा हजार, आणि त्यातले तीन जनतेसाठी. अनघाचा खर्च एक कागद आणि एक फॅक्स.

आणखी एक गंमत. संस्थेने आपल्या सभासदांना फोन करायला सांगितलं तर ते थेट लॉबिंगमध्ये मोडतं. बाहेरच्यांना सांगितलं तर ते ग्रासरूट्स, म्हणजे त्या छोट्या मर्यादेत. आता या यादीवर वर्गणी भरलेले किती आणि नुसते वाचणारे किती, हे तूच सांग.

सुलभा

विनय (खजिनदार) | मंगळवार, ९ ऑगस्ट, दुपारी १२:५५

सुलभाताई, नुसते वाचणारेच जास्त आहेत. त्यांनी कायद्याच्या दृष्टीने तरी सभासद व्हावं. चेक माझ्या पत्त्यावर.

फॉर्मचं वाचतो. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. काँगोशी मराठी मंडळाचा संबंध काय? बेळगावचा ठराव दोन वर्षं बाजूला ठेवला, कारण म्हणे "आपण सांस्कृतिक संस्था". आणि आता काँगो?

शिरीष | मंगळवार, ९ ऑगस्ट, रात्री ११:२०

विनय,

संबंध असा की या यादीतले निम्मे लोक हार्डवेअर कंपन्यांत आहेत आणि हे विधेयक हार्डवेअरबद्दल आहे. ज्यांनी मसुदा वाचला नाही त्यांच्यासाठी.

कॅपॅसिटरमधलं टँटलम कोल्टन या खनिजातून येतं, सोल्डरमधलं कथील कॅसिटराइट या खनिजातून. त्याशिवाय टंगस्टन आणि सोनं. पूर्व काँगोत, दोन्ही किवू प्रांतांत, यातल्या अनेक खाणींवर नाहीतर त्यांच्या रस्त्यांवर बंदूकवाल्यांचा ताबा आहे. कधी बंडखोर, कधी खुद्द सरकारी फौज. डॉड-फ्रँक या फेडरल कायद्याचं १५०२ वं कलम गेल्या जुलैत झालं. आपल्या मालात ही खनिजं असतील तर ती त्या भागातून येतात का, हे कंपन्यांनी तपासून एसईसीला (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या फेडरल संस्थेला) कळवायचं. आमच्याकडे सप्लायर्सना प्रश्नावल्या पाठवणं सुरू आहे आणि मी रोज त्यातच आहे. आमचा सप्लायर त्याच्या सप्लायरकडे बोट दाखवतो, तो पुढच्याकडे, असं करत चार-पाच पायऱ्या उतरलं की स्मेल्टर, म्हणजे खनिज वितळवणारा कारखाना, लागतो. तिथे मात्र सगळं अडतं, कारण खनिज एकदा वितळलं की कुठल्या खाणीतलं ते कोणी सांगू शकत नाही. जगात असे स्मेल्टर मोजकेच आहेत. तपासायची जागा तीच.

सिनेटर एलन कॉर्बेट यांचं एसबी ८६१ कंपन्यांवर नवीन कागद लादत नाही. ज्या कंपनीने ते फेडरल कलम मोडल्याचं एसईसीच्या कारवाईत ठरलं आणि जिने तोवर चूक दुरुस्तही केली नाही, तिला त्या मालासाठी कॅलिफोर्नियाच्या सरकारी कंत्राटावर बोली लावता येणार नाही. एवढंच. राज्य कॉम्प्युटर किती घेतं याचा विचार कर.

दुबळी बाजूही सांगतो. एसईसीचे नियम एप्रिलमध्ये यायचे होते, अजून आलेले नाहीत. ते येईपर्यंत आपल्या विधेयकाला दात नाहीत.

शिरीष

अविनाश (सनीवेल) | बुधवार, १० ऑगस्ट, सकाळी ७:५०

शिरीष, न्यूयॉर्क टाइम्समध्ये परवाच लेख आलाय, याच्या नेमका उलट. कायद्याच्या धास्तीने कंपन्यांनी काँगोचा मालच घेणं सोडलं आणि हाताने खणणारे गरीब लोक उपाशी बसले. मग आपण कशाला त्याच्यात आणखी काडी टाकायची?

शिरीष | बुधवार, १० ऑगस्ट, सकाळी ९:०५

वाचला. त्यात तथ्य आहे, नाकारत नाही. पण सगळं खापर १५०२वर फोडता येणार नाही. गेल्या सप्टेंबरात काँगोच्या अध्यक्षांनी, कबिलांनी, स्वतःच पूर्वेकडचं खाणकाम बंद केलं, ते मार्चपर्यंत बंद होतं. ती बंदी उठते न उठते तोच १ एप्रिलपासून मोठ्या स्मेल्टरांनी कुठल्या खाणीतला ते सांगणारा टॅग नसलेला माल घेणं थांबवलं आणि किवूमध्ये टॅग लावायची सोयच नव्हती. म्हणून तर मसुद्यात तिसरा परिच्छेद घातलाय : काँगोवर बहिष्कार नको, टॅग लावलेल्या खाणींचा माल घ्या. तो परिच्छेद कोणी काढणार असेल तर माझी सही नाही.

माधुरी | बुधवार, १० ऑगस्ट, दुपारी २:३०

युनोच्या शांतिसेनेची भारतीय ब्रिगेड उत्तर किवूतच आहे, हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझा मामेभाऊ फौजेत आहे, २००८मध्ये तिथल्या गोमा शहरात होता. बंडखोर शहराच्या वेशीपर्यंत आले होते तेव्हा. तो एक सांगायचा. वालिकाले भागात बिसिये नावाची कथिलाची खाण आहे, भर जंगलात. तिथून माणसं पन्नास-पन्नास किलोची पोती कपाळाला पट्टा लावून पाठीवर घेतात आणि चिखलातून चालत रस्त्यापर्यंत आणतात. वाटेत बंदूकवाले कर घेतात, पोत्यामागे. पुढे विमानतळ नाहीच. डांबरी रस्त्याचाच एक सरळ तुकडा आहे, त्यावर जुनी रशियन विमानं उतरतात. विमान येणार असलं की सायकलवाले आणि बकऱ्या बाजूला करायच्या, पोती चढवायची, की विमान गोम्याला. भाऊ म्हणायचा, आम्ही हे बघत उभे, कारण आम्हाला मँडेट नागरिकांना वाचवायचं, पोती तपासायचं नाही.

विनय, बेळगावचा ठराव मीही मागितला होता. पण म्हणून हे अडवू नये.

माधुरी

संजय | बुधवार, १० ऑगस्ट, दुपारी ३:१०

सोनंपण यादीत आहे म्हणता? तिकडचं सोनं युगांडातून दुबईला जातं असं युनोच्या तज्ज्ञांच्या अहवालात आहे. आणि दुबईहून कोणाच्या पाटल्या येतात ते या यादीवर विचारायची माझी हिंमत नाही.

सुलभाताई | बुधवार, १० ऑगस्ट, दुपारी ३:२२

संजय, माझ्या पाटल्या आजीच्या आहेत.

निखिल | बुधवार, १० ऑगस्ट, सायंकाळी ५:४०

नमस्कार, मी यादीवर नवीन आहे. एच-वनवर आहे, मतदार नाही. आम्ही पत्र लिहिलं तर काही प्रॉब्लेम येतो का? दुसरं, आमचं अपार्टमेंट मतदारसंघांच्या नवीन नकाशात दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये जातंय असं पेपरात वाचलं. मग पत्र कोणाला?

सुलभाताई | बुधवार, १० ऑगस्ट, रात्री ८:१५

निखिल, पत्र बिनधास्त लिही. तू त्या भागात राहतोस, एवढं पुरे. निवडणुकीसाठी पैसे मात्र देऊ नकोस, ते ग्रीन कार्ड असल्याशिवाय चालत नाही. नवे नकाशे २०१२च्या निवडणुकीपासून लागू होतील, आत्ता जुनेच मेंबर.

घरचा पत्ता पूर्ण लिही आणि शिरीषचा मसुदा जसाच्या तसा उतरवू नकोस. एकाच साच्यातली पत्रं नुसती मोजतात, वाचत नाहीत. तू टेस्टिंगमध्ये आहेस ना? मग तुझ्या बोर्डवर किती टँटलम कॅपॅसिटर असतात ते लिही.

अनघा | गुरुवार, ११ ऑगस्ट, रात्री ८:५०

जाऊन आले. निखिल, माधुरी, शिरीष आणि मी. सही-शिक्क्याचं पत्र नव्हतं, म्हणून वैयक्तिक पत्रं दिली.

स्टाफर तरुण होती, पिवळ्या पॅडवर लिहून घेत होती. शिरीषने स्मेल्टरचं सांगितलं तेव्हा पेन तसंच होतं. माधुरीने रस्त्यावर उतरणारी विमानं सांगितली तेव्हा ती लिहायला लागली. निखिलने खिशातून एक कॅपॅसिटर काढून टेबलावर ठेवला, तांदळाच्या दाण्याएवढा. तिने तो उचलून बघितला आणि विचारलं, याला विरोध कोणाचा आहे? शिरीषने टाइम्सचा लेख स्वतःहून सांगितला. मला तो तेव्हा नको होता, पण बरं झालं, तिने तो वाचला होता.

आता कामाचं. विनय, नीट वाच. ती म्हणाली, व्यक्तींची पत्रं आम्ही मोजतो. संस्थेचं पत्र आलं तर विधेयकाच्या अ‍ॅनालिसिसमध्ये पाठिंबा देणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव छापलं जातं आणि मतदानाआधी मेंबर तेच पान उघडतात. त्या यादीत मानवाधिकारवाले असतातच, आम्हाला ते माहीत आहेत. इंजिनिअर लोकांची सांस्कृतिक संस्था आम्ही बघितलेली नाही. विधेयकांवर मतदानाची शेवटची तारीख ९ सप्टेंबर. पत्र त्याच्या बरंच आधी हवं, एक प्रत कॉर्बेट यांच्या ऑफिसला.

तेव्हा प्रश्न पुन्हा तोच.

अनघा

विनय (खजिनदार) | गुरुवार, ११ ऑगस्ट, रात्री ९:३०

कमिटीत मतदान घ्या. "परस्पर" नको एवढंच मी म्हणत होतो, आणि मोहनकाकाही तेच म्हणाले.

मोहनकाका | गुरुवार, ११ ऑगस्ट, रात्री ९:४१

मी तसं म्हणालो नव्हतो. पण मतदान घ्या.

प्रज्ञा (सचिव) | रविवार, १४ ऑगस्ट, सकाळी १०:००

कमिटीचं मतदान फोनवर झालं. लेटरहेडच्या बाजूने चार, विरोधात दोन, अविनाश तटस्थ. अटी अशा :

पत्रात शिरीषचा तिसरा परिच्छेद राहील. सही अध्यक्षांची. पुढच्या वेळी आधी कमिटी, मग फोन (अनघा). फॉर्म ५७६८ विनय भरेल. त्याचं विरोधाचं मत मिनिट्समध्ये नावासह नोंदवावं ही त्याची विनंती मान्य. बेळगावचा ठराव ऑक्टोबरच्या अजेंड्यावर पहिला.

गणपतीत टेबल मांडायचं का, हे ठरलं नाही. तिथे बाहेरचे लोक येतात, सुलभाताईंच्या हिशेबाने ते ग्रासरूट्समध्ये जाईल आणि विनयला त्याचा वेगळा हिशेब ठेवावा लागेल. तो म्हणतो, ठेवतो, पण टेबल प्रसादाच्या रांगेत नको.

फॅक्स उद्या जाईल. काका, फाइल मिळाली, आभार. त्यावर मागच्या कमिटीची नावं आणि जुना पी.ओ. बॉक्स होता, तो बदलला.

मोहनकाका | रविवार, १४ ऑगस्ट, सकाळी १०:२०

जुन्या लेटरहेडचे दोन रिम माझ्या गराजमध्ये पडून आहेत. चांगला कागद आहे, त्या वेळी मी स्वतः निवडला होता. टाकून देऊ का?

विनय (खजिनदार) | रविवार, १४ ऑगस्ट, सकाळी १०:२४

टाकू नका. मागची बाजू कोरी आहे ना? गणपतीच्या पावत्यांना लागेल.