हॅपी म्हणजे नक्की काय? आनंदी, सुखी की समाधानी? आणि त्या 'अकॉर्डिंग टू मी'चं काय करायचं?

धागाकर्ती:
नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीत संध्याकाळी स्पोकन इंग्लिशची बॅच घेते, बारा-तेरा जण आहेत, जवळजवळ सगळे मराठी मिडियमचे. मागच्या आठवड्यात 'आपलं मत सांगणे' हा धडा होता आणि पुस्तकात विषय दिलेला हॅपिनेस. मी फळ्यावर आय थिंक, आय फील, आय बिलीव्ह, इन माय ओपिनियन सगळी वरात लिहिली आणि विचारलं, पैशाने माणूस हॅपी होतो का? पाच मिनिटं वर्गात चिडीचूप. एरवी ह्याच लोकांना पैशावर बोला म्हटलं तर चहा गार होईपर्यंत बोलतील. शेवटी एका सायझिंगमध्ये (सुताला खळ लावायचा कारखाना) दिवाणजी असलेले काका उठले आणि म्हणाले, "अकॉर्डिंग टू मी, मनी इज कमिंग, हॅपी इज गोइंग." सगळे हसले, मीपण हसले, पण वाक्य सुधारायला गेले आणि अडकले. काकांना म्हटलं मराठीत काय म्हणायचंय तुम्हाला? तर म्हणाले, "पैसा आला की समाधान जातं बघा."
आता समाधानाला हॅपी म्हणायचं का? आणि अकॉर्डिंग टू मी चूक म्हणून सांगायचं तर का चूक ते कसं समजावायचं?

प्रतिसाद:
आधी सोपं घेऊ. अकॉर्डिंग टू हे दुसऱ्याच्या नावावर बिल फाडायला असतं. अकॉर्डिंग टू द डॉक्टर, अकॉर्डिंग टू द पेपर. म्हणजे मी नाही बाबा म्हणत, ते म्हणतात. स्वतःच स्वतःचा हवाला दिला की इंग्रजांना विचित्र वाटतं. आपला घोळ होतो कारण मराठीत 'डॉक्टरांच्या मते' आणि 'माझ्या मते' एकाच साच्यातले. भारतात सगळे बोलतात, समोरच्याला समजतं, पण परीक्षा देणार असतील तर सवय मोडा.
इन माय ओपिनियनपण जपून. ते आपल्या 'माझे असे स्पष्ट मत आहे की' सारखं आहे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये शोभतं, चहाच्या टपरीवर नाही. साधं आय थिंक द्या नाहीतर 'फॉर मी' द्या. फॉर मी, हॅपिनेस इज अ गुड नाइट्स स्लीप. हे आपल्या 'माझ्यापुरतं म्हणाल तर' च्या जवळ जातं.
अजून एक फुकटातली गोष्ट. 'मला नाही वाटत पैशाने सुख मिळतं' असं आपण बोलतो ना, नकार वाटण्याला लावतो, मिळण्याला नाही? इंग्रजीतपण तस्संच, आय डोन्ट थिंक मनी मेक्स यू हॅपी. तरी पोरं आय थिंक मनी इज नॉट गिव्हिंग हॅपी म्हणतात, कारण वर्गात आलं की घरचं मराठी विसरतात.

प्रतिसाद:
मला वाटतं खरी गाठ वेगळीकडे आहे. मराठीत आनंद माणसाला *होतो*. राग येतो, भूक लागते, आनंद होतो, सगळं 'मला'. आपण तिथे नुसते बसलेले असतो आणि गोष्ट येऊन आपल्यावर घडते. इंग्रजीत सरळ आय अ‍ॅम हॅपी, मीच कर्ता. त्यामुळे 'मला इतका आनंद झाला' चं आय बिकेम सो हॅपी होतं, तिथे साधं आय वॉज सो हॅपी पाहिजे. काकांचं हॅपी इज गोइंग पण त्यातलंच, आनंद येतो आणि जातो, पाहुण्यासारखा. त्यांचं व्याकरण चुकलं, पण वाक्य अस्सल मराठी आहे.
आणि खरं सांगा, 'मी आनंदी आहे' असं घरात कोण म्हणतं? ते फ्लॅटच्या जाहिरातीत. आपण म्हणतो बरं वाटलं, भारी वाटलं, मस्त चाललंय. त्यातला 'बरं वाटलं' फार धोक्याचा. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत विचारलं, सिलेक्शन झालं तर कसं वाटेल? मी ऐटीत आय विल फील बेटर. समोरच्या बाई काळजीने म्हणाल्या, आर यू नॉट वेल? नोकरी मिळाली नाही, पण ती ह्यामुळे नाही असं मी स्वतःला सांगत असतो.

प्रतिसाद:
'त्याच्यावर खूश' चं हॅपी ऑन हिम राहिलं की! हॅपी विथ हिम. आमच्याकडे बॉस ऑन असतो.

प्रतिसाद:
शब्दांच्या कुळाबद्दल थोडं, धागा शब्दचर्चेचा आहे म्हणून. हॅपीच्या पोटात जुना हॅप आहे, हॅप म्हणजे नशीब, योगायोग. हॅपन, परहॅप्स, मिसहॅप सगळी त्याच घरातली. म्हणजे हॅपीचा मूळ अर्थ नशीबवान. आपल्या सुखाबद्दल एक जुनी व्युत्पत्ती सांगतात, ख म्हणजे चाकाचं आस बसायचं भोक, ते नीट असेल तर सुख, गाडी कुरकुरत नाही. सगळ्यांना पटत नाही ती, मला आवडते. मजा फारसीतून आली, तिकडे मझा म्हणजे चव. आणि समाधान तर बघा, हिंदीत समस्या का समाधान, म्हणजे तोडगा, आणि आपल्याकडे 'चित्ती असू द्यावे समाधान'. एकच शब्द, घाट ओलांडला की धंदा बदलला.
तेव्हा समाधानाला हॅपी नको. कंटेंट किंवा सॅटिस्फाइड. सॅटिस्फाइडला थोडा गिऱ्हाइकाचा वास येतो, कंटेंट बरा. सुखी साठी मात्र एक शब्द मिळणार नाही, 'सुखी घर' म्हणताना त्यात पैसाअडका, तब्येत, पोरंबाळं मार्गी लागलेली सगळं येतं, तिथे वेल सेटल्ड म्हणून वेळ मारून न्यावी लागते.

प्रतिसाद:
आणि आमच्या ऑफिसात सगळा आनंदीआनंद आहे ह्याचं काय करणार? ऑल हॅपी हॅपी?

प्रतिसाद:
धागाकर्ती ताई, एक सुचवते. तो वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट २०१२पासून निघतो आणि २०१८ ते २०२५ दरवर्षी फिनलंड पहिला आला. २०२४ला आपण १४३ देशांत १२६वे होतो, तेव्हा चॅनेलवाल्यांनी भारतीय दुःखी म्हणून केवढा गळा काढला. पण ती क्रमवारी ज्या प्रश्नावर लागते त्यात हॅपी शब्दच नाही! शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणा म्हणतात, वरची पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीने सगळ्यात चांगलं आयुष्य, खालची म्हणजे सगळ्यात वाईट, तुम्ही कुठे उभे आहात? म्हणजे त्यात आनंद नाही मोजत, आपल्या आयुष्याला आपणच किती मार्क देतो ते मोजतात. हॅपिनेस बाजूला ठेवा आणि वर्गात शिडी काढा. आकडा सांगितला की 'का' आपोआप येतं, आणि 'का' आलं की मत आलंच.

धागाकर्ती:
काढली शिडी! कालच. मी फळ्यावर पायऱ्या काढत होते तोवर कांडी भरायच्या कामाला जाणाऱ्या मावशी मागून म्हणाल्या, "फाइव्ह. बिकॉज नी पेन." बास, चार शब्दांत मत आणि कारण. त्यांच्याकडून आधी आय थिंक आय अ‍ॅम ऑन फाइव्ह वदवून घेतलं, मग बिकॉज माय नीज हर्ट, आणि मग त्या स्वतःच म्हणाल्या बट आय डोन्ट थिंक फाइव्ह इज बॅड. हे नकाराचं वरच्या प्रतिसादातून चोरलेलं, दहा मिनिटांत बसलं सगळ्यांना. थँक्यू!
काका म्हणाले टुडे सिक्स, सन कम्स, एट. मुलगा जर्मनीत आहे त्यांचा. व्हेन माय सन कम्स असं करून घेतलं. मग मी त्यांना समाधानासाठी कंटेंट दिला तर मागची पोरं खदखदून हसायला लागली, "मॅडम, काका कंटेंट? रील काढतात काय?" स्पेलिंग तेच आहे ना! तिथे जोर पहिल्या अक्षरावर, काँटेंट, आणि इथे दुसऱ्यावर, कन्टेन्ट. पंधरा वेळा म्हणून घेतलं, काका प्रत्येक वेळी पहिल्यावरच जोर देतात. आपल्याकडे जोर दिला न दिला अर्थ बदलत नाही, त्यामुळे त्यांना फरक ऐकूच येत नाहीये. टाळ्या वाजवून पाहिलं, टेबलावर ठोकून पाहिलं. कुणाकडे काही युक्ती आहे का?