सह्याद्रीतील भटकंतीसाठी हलके बूट निवडताना नेमके काय पाहावे?

घाटवाट_पुणे

नमस्कार. मी पुण्यात राहते, वय ४७. गेली सहा वर्षे बहुतेक रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढते, शिवाय वर्षाकाठी दहा-बारा किल्ले होतात. गावाकडे शेताच्या बांधावरून फिरणे आणि पहाटे पक्षी पाहायला माळावर जाणे हेही नेमाने चालते. या सगळ्याला पुरेल असा एकच हलका बूट मला हवा आहे.

आजवर मी घोट्याच्या वर येणारे, जाड कातडी बूट वापरत आले. घरच्या काट्यावर त्यातला एकेक बूट ६४० ग्रॅम भरतो. गेल्या वर्षी तोरण्यावरून वेल्ह्याकडे उतरताना त्यातल्या उजव्या बुटाचा तळ टाचेपासून सुटला आणि उरलेली उतरण मी लेसने बूट बांधून कशीबशी पार केली. बूट चार वर्षांपूर्वी घेतलेले होते, पण त्यातले दीड वर्ष गुडघ्याच्या दुखण्यामुळे ते कपाटातच होते, त्यामुळे ते झिजले असे मला म्हणता येत नाही.

दुकानात गेले की प्रत्येक जण वेगळे सांगतो. घोटा झाकलाच पाहिजे असे एक जण बजावतो, तर जलरोधक अस्तर नसेल तर पावसाळ्यात बूट निरुपयोगी असे दुसरा सांगतो. माझी तयारी पाच-सहा हजार रुपयांची आहे. हिमालयात जाण्याचा बेत नाही. सह्याद्रीच्या वाटा ज्यांच्या पायाखालच्या आहेत त्यांनी कृपया सांगावे की वजन, घोटा, पाणी आणि पकड यांपैकी कशाला किती महत्त्व द्यावे.

कातळकडा

ताई, आपण चार गोष्टी विचारल्या आहेत, पण माझ्या मते त्यांत पकड आणि माप या दोन गोष्टी आधी येतात आणि बाकीच्या सर्व त्यांच्या मागून. नाशिक आणि नगर जिल्ह्यांतल्या डोंगरांत मी बावीस वर्षे गट घेऊन जात आहे आणि या काळात जितकी माणसे पडताना पाहिली त्यांतली फार थोडी बुटाची उंची कमी होती म्हणून पडली. बहुतेक जण तळ दगडावर टिकला नाही म्हणून पडले.

आपला डोंगर कशाचा आहे इथून सुरुवात करू. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा बेसाल्ट तयार झाला. हा कातळ कोरडा असताना चांगल्या रबराला घट्ट धरतो. कळसूबाईच्या (१६४६ मीटर) वाटेवरचे उघडे खडक असोत की हरिहरच्या खोदीव पायऱ्या, फेब्रुवारीत तिथे साध्या रबरी तळाचा बूटही निभावून नेतो. अडचण येते ती तीन ठिकाणी. पहिली जागा म्हणजे घसारा: झिजलेल्या खडकाचे वाटाण्याएवढे खडे घट्ट मातीवर पसरलेले असतात आणि पाय त्यांच्यावरून सुटतो. दुसरी जागा म्हणजे पावसाळ्यानंतर आडवे पडून वाळलेले गवत. नोव्हेंबरातल्या उताराला लोक हलके लेखतात, पण तोरणा ते राजगड या धारेवरच्या वाटेने जो त्या दिवसांत गेला आहे त्याला हे गवत किती फसवे असते ते समजावून सांगावे लागत नाही. तिसरी जागा म्हणजे शेवाळलेला ओला कातळ, आणि इथे मी स्पष्टच सांगतो की कोणत्याही किमतीचा कोणताही तळ शेवाळावर भरवशाचा नसतो. तिथे बुटावर नव्हे, तर पाऊल कुठे टाकायचे या निवडीवर आणि हातातल्या काठीवर विसंबावे.

म्हणून तळ पाहताना दोन गोष्टी तपासाव्यात. एक, रबर किती मऊ आहे. तळाच्या कडेला अंगठ्याचे नख दाबून पाहा: किंचित दबले पाहिजे आणि सोडताच पूर्ववत झाले पाहिजे. नख सरकून प्लॅस्टिकसारखा आवाज आला तर तो बूट ओल्या दगडावर दगा देईल, मग त्याची नक्षी कितीही आकर्षक असो. दोन, तळावरचे दाते. घसाऱ्यासाठी आणि चिखलासाठी चार-पाच मिलिमीटर खोल दाते हवेत आणि त्यांच्यामध्ये इतकी मोकळी जागा हवी की चिखल चालता चालता गळून पडेल. दाते फार दाट असतील तर चिखल त्यांच्यात भरून तळ सपाट होतो. टाचेच्या मागच्या कडेला दाते उलट्या दिशेने वळलेले असतील तर उतरताना त्यांचा ब्रेकसारखा उपयोग होतो.

याच कारणाने आपल्याकडे कित्येक वर्षे ॲक्शन ट्रेकिंग हा साधा, स्वस्त बूट जुन्या भटक्यांच्या पायांत दिसत आला. त्याला ना जलरोधक अस्तर होते ना उंच कॉलर (घोट्याभोवतीचा वरचा काठ), पण त्याचे रबर आपल्या कातळाला चिकटत असे. बूट महाग असला तरच दगड धरतो, असे मानण्याचे कारण नाही.

आता वजन. आपण स्वतः काट्यावर तोलून आकडा दिलात हे मला फार आवडले, कारण दुकानदाराने सांगितलेल्या 'हलका' या शब्दापेक्षा ग्रॅम खरे बोलतात. समजा आपण ६४० ऐवजी ४०० ग्रॅमचा बूट घेतला आणि बारा किलोमीटरच्या वाटेत पाऊल साठ सेंटीमीटरचे धरले, तर वीस हजार पावले होतात आणि दर पावलाला २४० ग्रॅम कमी उचलावे लागतात. दिवसभराची बेरीज ४८०० किलो येते. बुटामागे शंभर ग्रॅम वाढले की चालण्या-धावण्यासाठी लागणारी ऊर्जा सुमारे एक टक्क्याने वाढते असे प्रयोगांत आढळले आहे. हा टक्का ऐकायला लहान वाटतो, पण दमलेला पाय पुरेसा उचलला जात नाही आणि दिवसाच्या शेवटी, उतरणीवर, बहुतेक ठेचा त्यामुळेच लागतात. गुडघ्याचा त्रास आपण सोसलेला आहे, तेव्हा हलका बूट घेण्याचा आपला विचार मला पूर्णपणे योग्य वाटतो.

जलरोधक अस्तराविषयी थोडक्यात: सह्याद्रीच्या पावसात पाणी बुटाच्या कापडातून नव्हे, तर वरून, पँटवरून ओघळत आणि ओढा ओलांडताना आत येते. एकदा आत आले की तेच अस्तर ते बाहेर जाऊ देत नाही. बर्फात त्याचा निश्चित उपयोग आहे, परंतु आपल्याकडे जाळीदार, पाणी निचरून लवकर वाळणारा बूट अधिक सोयीचा.

चवडा_आणि_टाच

मापाबद्दल मला सांगायचे आहे, कारण याच चुकीने माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखे काळी होऊन गळली होती. बूट संध्याकाळी विकत घ्यावा, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय फुगलेला असतो. भटकंतीत वापरायचे तेच मोजे घालून जावे. लेस न बांधता बोटे पुढे टेकवून उभे राहिल्यावर टाचेमागे हाताचे एक बोट सहज गेले पाहिजे. त्यानंतर लेस नीट बांधून जिन्यावरून किंवा उतरत्या फळीवरून खाली या. बोटे पुढच्या टोकाला लागली तर तो बूट कितीही आवडला तरी परत ठेवा.

आपल्यापैकी पुष्कळ बायकांचा चवडा रुंद आणि टाच अरुंद असते, आणि स्त्रियांसाठी म्हणून बनवलेले अनेक बूट चवड्यातच आवळतात. अशा वेळी पुरुषांच्या विभागातले लहान माप घालून पाहायला संकोच करू नये. टाच उचलली जात असेल तर लेसच्या सर्वांत वरच्या दोन छिद्रांतून फास करून घेण्याची पद्धत आहे, तिने टाच जागेवर राहते. मोजे सुती नकोत. ओल्या सुती मोज्याने जितके फोड आले तितके मला कोणत्याही बुटाने आले नाहीत.

सड्यावरचा

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. वरच्या सविस्तर उत्तरातील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत, फक्त घोट्याच्या बाबतीत वेगळे मत नोंदवतो. ताईंनी किल्ल्यांबरोबर शेताचा बांध आणि माळ यांचाही उल्लेख केला आहे आणि तिथली गरज गडाच्या वाटेपेक्षा निराळी आहे. आमच्या जांभ्याच्या सड्यांवर (सपाट खडकाळ माळांवर), दगडांच्या गडग्यांजवळ आणि गवतात फुरसे हा विषारी साप असतो. तो आकाराने लहान, रंगाने दगड-मातीत मिसळून जाणारा आणि माणसाच्या चाहुलीने सहसा न हलणारा, त्यामुळे त्याचा दंश बहुधा पावलाला किंवा घोट्याच्या आसपासच होतो. पहाटे अंधुक उजेडात पक्षी पाहायला निघणाऱ्या माणसाने घोटा झाकणारा बूट आणि जाड कापडाची पूर्ण पँट घालावी असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. बूट म्हणजे चिलखत नव्हे हे मी जाणतो, पण उघड्या घोट्यापेक्षा झाकलेला घोटा केव्हाही बरा. सोबत विजेरी असावी आणि दिसत नाही तिथे हात-पाय घालू नयेत.

आणखी एक: जांभा खरखरीत असल्याने मऊ रबराचा तळ त्यावर भराभर झिजतो. दोन पावसाळ्यांत दाते अर्धे झाले तर त्यात नवल मानू नये.

कातळकडा

हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता, तो मांडल्याबद्दल आभार. माझे म्हणणे केवळ मुरगळण्यापुरते होते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६०० हून अधिक बास्केटबॉल खेळाडूंना उंच आणि आखूड कॉलरचे बूट देऊन तुलना केली गेली होती आणि घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात त्यांच्यात ठळक फरक दिसला नव्हता. कापडी, मऊ कॉलर घोट्याला आधार देते ही समजूत म्हणूनच मी मानत नाही. परंतु काटे, खडे आणि सरपटणारे जीव यांपासून आडोसा म्हणून तिचा उपयोग आहे, हे खरे. असे मध्यम उंचीचे बूट ४५० ग्रॅमच्या आतबाहेर मिळतात, तेव्हा ताईंना वजन फारसे न वाढवता दोन्ही साधता येईल.

आरी_आणि_दोरा

बूटदुरुस्ती हा आमच्या घरचा तीन पिढ्यांचा व्यवसाय आहे, म्हणून सुटलेल्या तळाबद्दल लिहितो. ताई, तुमचे बूट वापरून नव्हे, तर न वापरल्यामुळे गेले असण्याची शक्यता मला अधिक वाटते. तळाचे बाहेरचे रबर आणि वरचा बूट यांच्यामध्ये जो मऊ थर असतो तो पुष्कळ जाड बुटांत पॉलियुरेथेन या फेसाळ प्लॅस्टिकचा असतो. हवेतल्या दमटपणाने हा थर हळूहळू आतून कुजतो आणि नियमित वापरातल्या बुटापेक्षा पेटीत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवलेल्या बुटात हे लवकर होते. बूट वरून नवा दिसतो, चालायला लागल्यावर तासाभरात तळ गळून येतो आणि हाताला भुसा लागतो. असे बूट माझ्याकडे दरवर्षी जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या भटकंतीनंतर, हमखास येतात. मधला थरच कुजलेला असेल तर त्याला सोल्यूशन लावून किंवा शिवून काही उपयोग नाही, हे मी गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणे सांगतो.

हलक्या बुटांत हा मधला थर बहुधा ईव्हीए या दुसऱ्या, हलक्या फेसाळ प्लॅस्टिकचा असतो. तो असा कुजत नाही, मात्र दबत जातो. दोन-तीन वर्षांनी बूट चांगला दिसत असूनही पायाला दगड टोचू लागले तर तो थर बसला असे समजावे.

नवा बूट घेतल्याबरोबर तळाला चारी बाजूंनी शिवण मारून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तळाची कड वर वळून बुटाला धरत असेल तर ही शिवण उत्तम काम करते आणि मी ती आनंदाने करून देतो. पण मधला थर जाड व मऊ असेल तर दोरा त्याला कापत जातो आणि आरीच्या छिद्रांतून पाणी शिरते, तेव्हा बूट आधी कारागिराला दाखवा आणि मगच ठरवा. ओले बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात कधीही वाळवू नका, त्याने चिकटवलेला तळ सुटतो. आतली गादी काढून ठेवावी, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, दोन-तीन तासांनी बदलावेत आणि बूट सावलीत वाऱ्यावर ठेवावेत. भटकंतीला जाण्याच्या आठवडाभर आधी बूट कपाटातून काढून तासभर गल्लीत चालून पाहणे हा तळाची परीक्षा घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

घाटवाट_पुणे

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे वाचून मी जुना बूट पुन्हा काढून पाहिला. सुटलेल्या जागी बोट फिरवल्यावर खरोखरच पिवळसर भुसा हाताला लागला, आणि बूट दीड वर्ष मी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारूनच ठेवले होते.

काल संध्याकाळी दोन दुकाने पाहिली. पहिल्या दुकानातल्या चार जोडांपैकी तिघांच्या तळावर नख सरकले. दुसऱ्या दुकानात मध्यम उंचीचा, जाळीदार, जलरोधक अस्तर नसलेला एक बूट मिळाला. स्त्रियांच्या विभागातला चवड्यात आवळत होता, म्हणून पुरुषांचे सहा नंबरचे माप घातले आणि ते पहिल्यांदाच बोटांना मोकळे वाटले. दुकानातल्या उतरत्या फळीवरून पाच-सहा वेळा चालून पाहिले, बोटे पुढे लागली नाहीत. माझ्या काट्यावर एक बूट ४३५ ग्रॅम भरला. किंमत ४,८०० रुपये पडली, उरलेल्या पैशांतून लोकरमिश्रित मोज्यांचे दोन जोड घेतले.

तळाची कड वर वळलेली नाही आणि मधला थर जाड आहे, त्यामुळे शिवण न मारण्याचे ठरवले आहे. आठवडाभर हे बूट घालून टेकडीवर जाईन आणि येत्या रविवारी आतकरवाडीने सिंहगड. तिथल्या उतरणीवरच्या घसाऱ्यावर ते कसे चालले ते इथे नक्की लिहीन.