मदत हवी : ऑन, अबव्ह, ओव्हर, पोट्ट्यांना फरक कसा सांगू?

खडूवाला : लवकर सांगा कोणीतरी, सोमवारी परत तोच धडा आहे. तिन्हीला "वर" म्हणून मोकळे होतात अन् पेपरात सगळीकडे ऑनच ठोकतात. ढग पण ऑन द शेत. नियम पाठ करून घेतले, उपयोग शून्य.

संत्रावाला : वर्ग कोणता भाऊ?

बडनेरेकर : अन् घरी मराठीच बोलतात ना? मेळघाटात होतो तेव्हा वर्गात बरीच लेकरं कोरकू बोलणारी, तिथं मराठीतून समजावून काही फायदा नव्हता, हाताने दाखवावं लागे.

निवृत्त_गुरुजी : २००० पासून पहिलीतच इंग्रजी आणलं, पाया तिथंच गेला. लहान गावाला ॲट, मोठ्या शहराला इन, एवढं घोकून घ्या.

खडूवाला : गुरुजी, इन-ॲट विचारलंच नाही मी. वर्ग पाचवी, मराठीच बोलतात.

बडनेरेकर : अन् तो नियम सांगू पण नका. गाडी थांबते तर ॲट बडनेरा, माणूस राहते तर इन बडनेरा. गाव लहान का मोठं, त्याचा काय संबंध?

निवृत्त_गुरुजी : मग पत्त्यात ॲट पोस्ट काहून लिहितात?

बडनेरेकर : पत्ता आहे तो, वाक्य नाही.

संत्रावाला : अहो त्याचं राहून राहिलं ना! खडूचा डबा घ्या. टेबलाला टेकला की ऑन. भिंतीवरचं घड्याळ, छताला चिकटलेली पाल, तेही ऑनच, टेकलं पाहिजे बस. डबा उचलून अधांतरी धरला, मध्ये मोकळी जागा, तर अबव्ह. तोच या टोकापासून त्या टोकापर्यंत वरून नेला की ओव्हर, वर्धा नदीवरचा पूल तसाच. टेबलावर चादर पांघरली तरी ओव्हर. अन् पंखा बरोबर डोक्यावर असला तर अबव्ह-ओव्हर दोन्ही चालते, तिथं मार्क कापू नका.

खडूवाला : हे जमते. झाडावरचं माकड?

बडनेरेकर : संत्रं ऑन द ट्री, फांदीला लागलेलं. माकड फांद्या-पानांत शिरलेलं, म्हणून इन द ट्री.

संत्रावाला : माकडांचं नाव नका काढू, औंदा संत्र्याचा मृग बहार, म्हणजे पावसाळ्यात फुलणारं पीक, त्यांनीच साफ केला. उपाय असला तर सांगा कोणी.

निवृत्त_गुरुजी : कुंपणाच्या तारेत वीज सोडणारं झटका मशीन लावा.

बडनेरेकर : माकडाला काय झटका, ते वरून उडी मारते.

खडूवाला : भाऊ, वेगळा धागा काढा. बिलो अन् अंडरचं सांगा आधी.